मठाच्या कोठारातल्या चिठ्ठ्या: त्या वाचताना काय शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करता. इजिप्तमधल्या प्राचीन ख्रिस्ती मठांच्या काही पावत्यांची भाषांतरं तुमच्या वाचनात आली आणि दोन गोष्टी खटकल्या. सर्वस्व सोडून वाळवंटात गेलेल्या माणसांना इतका हिशेब कशाला लागतो? आणि एवढ्या पावत्या उरल्या आहेत, तर त्यांवरून एखाद्या मठाचं वर्षाचं जमाखर्चाचं पत्रक मांडता येईल का? जाता जाता तुम्ही तिसराही प्रश्न टाकलाय: हे मठ श्रीमंत होते का?

मी ग्रीक आणि कॉप्टिक (मुख्यतः ग्रीक अक्षरांत लिहिलेली तेव्हाची इजिप्शियन भाषा) दस्तऐवज वाचते, त्यांची सूची करते. त्यातला बराचसा भाग असल्याच चिठोऱ्यांचा असतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असंच येतं. तिसऱ्याचं उत्तर कुठला मठ आणि कुठलं शतक यावर ठरतं. पण खरी अडचण या तिन्हींच्या मागे आहे, असं मला वाटतं. तुम्ही या कागदांकडे खतावणी म्हणून बघताय, आणि हाती आहेत ती बहुतेक व्हाउचरं. खतावण्या फार थोड्या उरल्यात, त्याही फाटक्या. मालमत्ता किती आहे हे व्हाउचर सांगत नाही. एक वस्तू या हातातून त्या हातात गेली आणि तिची जबाबदारी आता अमक्याची, एवढंच ते सांगतं. म्हणून कुठलाही तुकडा समोर आला की मी आधी एक प्रश्न विचारते: ही चिठ्ठी हरवली असती तर ते कोणाच्या अंगाशी आलं असतं?

आधी हा साठा नेमका कसला आहे ते सांगते. आपण बोलतोय ते साधारण चौथ्या ते आठव्या शतकातल्या इजिप्तबद्दल. लिहिलेलं असतं पपायरसवर (पाणवनस्पतीच्या देठांपासून केलेल्या कागदावर), फुटक्या मातीच्या भांड्यांच्या खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर. हे टिकलं ते पुराचं पाणी पोचत नाही अशा कोरड्या वाळूत. नाईलच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशाच्या ओल्या मातीत कागद कुजून जातो. त्यामुळे नित्रिया, केल्लिया या उत्तरेकडच्या नामांकित ठिकाणांबद्दल आपण मुख्यतः संतचरित्रं आणि भिंतींवरचे लेख यांच्या आधारे बोलतो, तर दक्षिणेकडचा एखादा मध्यम आकाराचा मठ आपल्याला त्याच्या उंटवाल्यांच्या नावांसकट माहीत असतो. काय उरलं हा निव्वळ हवामानाचा आणि योगायोगाचा भाग आहे. १९४५ मध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या ग्रंथांचंच बघा. त्यांच्या चामडी बांधणीला ताठपणा यावा म्हणून आत रद्दी कागद चिकटवले होते. त्या रद्दीत ३४१, ३४६ आणि ३४८ या वर्षांची कागदपत्रं निघाली, आणि त्यातच एक छोटं पत्र. प्रोतेरिया नावाची बाई दोन मठवासींना लिहिते की माझ्या गाढवांना भुसा कमी पडतोय, इकडे मिळत नाही, तिकडे कुठे मिळाला तर गाडीमागे काय भाव पडेल ते कळवा. ही रद्दी नेमकी कुठल्या मठातली यावर अभ्यासक आजही भांडतात. पण संन्याशाकडे भुशाचा भाव विचारावा, यात त्या बाईला काही वावगं वाटत नाही, हे तर स्वच्छ दिसतं.

खरं तर तारीख असलेल्या दस्तऐवजात ‘संन्यासी’ हा शब्द पहिल्यांदा येतो तोच एका गाईच्या भानगडीत. ६ जून ३२४ रोजी करानिस गावच्या इसिदोरस नावाच्या शेतकऱ्याने तक्रार अर्ज दिला: अमक्याअमक्यांची गाय माझ्या शेतात शिरली, पीक तुडवलं, मी तिला पकडून गावात नेत होतो तर त्यांनी मला दांडक्यांनी मारलं. अंतोनिनस हा धर्मसेवक आणि इसहाक हा संन्यासी धावून आले नसते तर मी मेलोच असतो. इसहाकबद्दल आणखी काही कळत नाही. तो कुठल्या मठातला होता की गावातच राहायचा, काही नाही. पण शेतकरी त्याला ओळखतो आणि अर्जात साक्षीला घेतो. वाळवंटात एकटा बसलेला, जगाशी संबंध तोडलेला संन्यासी हे चित्र चरित्रकारांनी रंगवलं. अर्जदारांना भेटणारा संन्यासी गावाच्या आसपासचा असतो.

आता हिशेब कशाला, याकडे वळते. ३२० च्या दशकात पाखोमियसने ताबेन्नेसी इथे सामूहिक मठ सुरू केला. ३४६ मध्ये तो साथीच्या रोगात वारला तेव्हा पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ त्याच्या व्यवस्थेखाली होते. इतक्या माणसांना रोज जेवू घालायचं, कपडे द्यायचे, दोर-टोपल्या विणायला कच्चा माल द्यायचा आणि विणलेलं नावेतून विकायला पाठवायचं, हे हिशेबाशिवाय होणारच नाही. त्याच्या व्यवस्थेचे नियम जेरोम या धर्मपंडिताने ४०४ मध्ये लॅटिनमध्ये आणले. त्यात एक कलम आहे जे तुमच्यासारख्याने जरूर वाचावं: दर आठवड्याला किती दोर वळले त्याचा आकडा पाट्यांवर लिहायचा आणि वार्षिक मेळाव्यापर्यंत जपून ठेवायचा. मेळावा मेसोरे महिन्यात, म्हणजे आपल्या ऑगस्टच्या सुमारास, प्बाऊ इथल्या मुख्य मठात भरायचा. तिथे प्रत्येक मठाचा कारभारी मोठ्या कारभाऱ्यापुढे हिशेब द्यायचा, आणि त्याच दिवशी सगळ्यांना एकमेकांच्या अपराधांची क्षमा मिळायची. हिशेब आणि क्षमा एकाच दिवशी! मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. दोर कमी भरले तर कोणावर तरी संशय जाणारच, आणि तो वर्षभर कुजत ठेवण्यापेक्षा आकडे मांडून मोकळं व्हायचं.

म्हणजे ‘सर्वस्वाचा त्याग’ आणि ‘काटेकोर हिशेब’ यांत विरोध नाही, उलट पहिल्यामुळे दुसरं लागतं. स्वतःची वस्तू असेल तर माणूस लिहून ठेवत नाही, डोळ्यांत राहते. सगळ्यांची असली की कागद लागतो. सहकारी संस्थेत तुम्ही हे रोज बघता, तुम्हाला मी काय सांगणार.

पण ही व्यवस्था फार लवकर ताणली गेली. पाखोमियसच्या मागून आलेल्या होर्सिएसियसच्या काळात अपोलोनियस नावाच्या एका मठप्रमुखाने जादा खरेदी सुरू केली, टोकल्यावर तो सांगू लागला की आमचा मठ वेगळा, आम्हाला तुमच्यात राहायचं नाही. भांडण इतकं पेटलं की होर्सिएसियसने बाजूला होऊन थियोडोरला पुढे केलं. थियोडोर ३६८ मध्ये वारला. शेवटच्या काळात मठांची शेतं, गुरं, नावा वाढत चालल्याचं बघून तो कष्टी असायचा, असं चरित्रात आहे. एरवी अशा वाक्यावर मी पटकन विश्वास ठेवत नाही, कारण मोठा माणूस जाताना पुढच्या पिढीबद्दल हळहळतो हा चरित्रांचा ठरलेला प्रसंग. पण इथे बाहेरचा पुरावा आहे. ३६७-३६८ च्या एका करपत्रकात, हर्मोपोलिस भागातल्या जमिनींवरचा कर भरणाऱ्यांत ताबेन्नेसीच्या मठाचा एक संन्यासी नोंदलेला आहे. ती जमीन मूळ मठापासून नदीने खूप दूर. चरित्रकाराची हळहळ आणि कर-कारकुनाची नोंद एकाच काळात एकमेकांना दुजोरा देतात, असं आमच्या धंद्यात फार क्वचित घडतं.

ही झाली समूहाची मालमत्ता. व्यक्तीची काय? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. पाखोमियसच्या मठात शिरताना सगळं सोडावं लागे. पण सगळे संन्यासी तसल्या मठात नव्हते. ४०० मध्ये ऑक्सिऱ्हिंकस शहरात थियोडोरा आणि तौरिस या दोन सख्ख्या बहिणींनी आपल्या घरातली तळमजल्यावरची एक खोली आणि तळघर भाड्याने दिलं. दोघींच्या नावापुढे ‘संन्यासिनी, जगत्याग केलेल्या’ असं स्पष्ट लिहिलंय. भाडेकरू योसे नावाचा ज्यू गृहस्थ. कोणालाच त्यात काही विचित्र वाटलेलं दिसत नाही. नवीन वाचणारे अशा कागदावर लगेच ‘ढोंग’ असा शिक्का मारतात, ते मला पटत नाही. त्या मठात राहत नव्हत्या, जगाचा त्याग म्हणजे त्यांच्या दृष्टीने लग्न-संसाराचा त्याग असू शकतो, आणि पोटाला काही लागतंच. पुढे कायदाही या गुंत्यात उतरला. मृत्युपत्र आणि वारस नसलेल्या संन्याशाची मालमत्ता मठाला जावी असा ४३४ चा हुकूम आहे, म्हणजे संन्याशाकडे मरताना मालमत्ता असते हे सरकारने गृहीतच धरलं होतं. मठात प्रवेश करताच मालमत्ता मठाची, असं ५३५ मध्ये सम्राट जस्टिनियनने ठरवलं. इजिप्तमधले नंतरचे कागद वाचले की कळतं, हुकूम निघाला म्हणून व्यवहार बदलला असं झालेलं नाही. त्यानंतरही संन्यासी कर्जं देतात, घरं विकतात, मृत्युपत्रं करतात.

आता प्रत्यक्ष चिठ्ठी कशी असते ते सांगते, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच अडतो. मध्य इजिप्तमध्ये बावित इथे अपा अपोलोचा मठ होता (‘अपा’ म्हणजे पिता, ही आदराची पदवी). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाँ क्लेदा या फ्रेंच संशोधकाने तिथे उत्खनन केलं, पण कागद त्याआधी आणि त्यानंतरही चोरबाजारातून जगभर पांगले. ते पुन्हा एकत्र ओळखण्याचं मोठं काम सारा क्लॅक्सन यांनी केलं. कशावरून? मुख्यतः एका ठरावीक सुरुवातीवरून. मठप्रमुखाकडून कोठारावर निघालेल्या कॉप्टिक आदेशांत पहिलीच ओळ असते, ‘आमचे पिता आपल्या पुत्राला लिहितात’. मग त्या पुत्राचं नाव, म्हणजे कोठावळ्याचं किंवा ज्याच्याकडे माल आहे त्याचं. मग काय द्यायचं, कोणाला, किती. मग महिना, दिवस, पंधरा वर्षांच्या करचक्रातलं वर्ष. सही, आणि कित्येकदा खाली मातीची छोटी मोहोर. बस्स. पत्ता नाही, कारण चिठ्ठी कुंपणाच्या आतच फिरणार. ‘पिता’ कोण त्याचं नावही नाही, कारण मठात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता माझा प्रश्न लावून बघा. ही चिठ्ठी हरवली तर कोण अडकतो? आदेश देणारा नाही. माल नेणारा तर नाहीच, त्याने माल नेला, खाल्ला. अडकतो कोठावळा. रांजणातली वाइन कमी का, असं विचारल्यावर त्याला दाखवायला काहीतरी हवं. म्हणजे ही चिठ्ठी त्याच्या बचावासाठी आहे आणि ती त्याच्याकडेच राहणार. एकदा हे लक्षात आलं की आपण या साठ्याला ‘मठाचं दप्तर’ म्हणायला कचरतो. हे एका कोठावळ्याचं संरक्षण आहे. दुसऱ्या कोठारातून काय गेलं, गावातून काय आलं, त्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

फसवणुकीची भीतीही दिसते. ऑक्सिऱ्हिंकसची ५५६ सालची एक पावती आहे. अपा अंद्रेआसच्या मठातल्या संन्याशांनी पवित्र मरियेच्या बागेतल्या पाणी उपसायच्या यंत्रासाठी दोरखंड पुरवला. ते पाणी बाप्तिस्म्याच्या कुंडात भरण्यासाठी. मजकूर असा की दोरखंडाचं वेटोळं १, म्हणजे वेटोळं एकच फक्त. धनादेशावर आपण ‘रुपये पाचशे फक्त’ लिहितो, अगदी त्याच कारणाने. आकडे ग्रीक अक्षरांनी लिहायची पद्धत होती, आधी एक अक्षर जोडलं की १ चे ११ होतात. म्हणून अक्षरी आकडा, मग ‘एकूण’, मग पुन्हा आकडा आणि ‘फक्त’. बावितच्या चिठ्ठ्यांतही हेच ग्रीक संक्षेप येतात, बाकी मजकूर कॉप्टिक असला तरी.

खापरांचं गणित आणखी साधं. पपायरस विकत घ्यावा लागतो, खापर फुकट. वाइनचे रांजण मठात रोजच फुटत असणार. असियूतच्या दक्षिणेला वाडी सार्गा इथे अपा थॉमसच्या मठात १९१३-१४ मध्ये उत्खनन झालं आणि खापरांचा मोठा साठा मिळाला. द्राक्षांच्या हंगामात उंटावरून वाइन आणणाऱ्यांच्या त्या पावत्या आहेत: उंटवाल्याचं नाव, कुठून, किती मापं, दिवस. इथे अडकणारा उंटवाला. वाटेत एक बुधला कमी झाला तर तो कोणी रिचवला हा प्रश्न दीड हजार वर्षांपूर्वीही होताच. तुम्ही अशा पावत्या ओळीने वाचल्या तर हंगामाचे थोडेसे दिवस गजबजलेले आणि बाकी वर्ष सुनसान दिसेल. त्यावरून मठात बाकी वर्ष काही घडत नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. बाकी वर्ष उंटवाले लागत नव्हते, एवढंच.

भाषेबद्दलही एक सांगायला हवं. ढोबळ मानाने, आतला कारभार कॉप्टिकमध्ये आणि सरकारशी किंवा कायद्याशी गाठ पडणारा कागद ग्रीकमध्ये. हर्मोन्थिसचा बिशप अब्राहम हा देर अल्-बहरी इथल्या संत फोइबाम्मोनच्या मठाचाही प्रमुख. सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्याच्या मृत्युपत्रात तो मठच आपल्या शिष्याला, व्हिक्टरला, देऊन टाकतो. मृत्युपत्र ग्रीकमध्ये, आणि त्यातच नोंद आहे की अब्राहमला ग्रीक येत नाही, मजकूर त्याला इजिप्शियन भाषेत समजावून सांगितला. एकीकडे बिशपलाही आपलं मृत्युपत्र वाचता येत नाही, दुसरीकडे अख्खा मठ एका माणसाच्या नावावर असल्यासारखा वारसाला जातो. आठव्या शतकात शेजारच्या जेमे गावात मात्र खरेदीखतंसुद्धा कॉप्टिकमध्येच व्हायला लागलेली दिसतात.

तर मग जमाखर्च पत्रक का मांडता येत नाही? पहिलं कारण तारीख. हे लोक वर्ष मोजतात पंधरा वर्षांच्या करचक्रात. ‘पाचवं वर्ष’ असं लिहिलं की झालं; कुठल्या चक्रातलं पाचवं ते लिहीत नाहीत. त्यामुळे चिठ्ठी ५४१ची, ५५६ची की ५७१ची हे चिठ्ठीवरून ठरत नाही. कायदेशीर दस्तऐवजावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष घालावं असा नियम जस्टिनियनने ५३७ मध्ये केला, आणि ऑक्सिऱ्हिंकसचे लोक ३२४ आणि ३५५ पासून मोजल्या जाणाऱ्या दोन स्थानिक शकांची वर्षं लिहायचे. वरच्या दोरखंडाच्या पावतीचं साल आपल्याला त्यामुळेच नक्की कळतं. पण कोठावळ्याला त्याची गरज नव्हती. चालू वर्ष संपलं, हिशेब दिला, विषय संपला. आम्ही काय करतो, तर एकाच हाताचं अक्षर, एकाच अधिकाऱ्याची सही, एकाच कोठावळ्याचं नाव यांवरून चिठ्ठ्यांचे गट लावतो. असा गट लागला तरी तो ‘एका माणसाच्या नोकरीचा काळ’ असतो, आर्थिक वर्ष नव्हे.

दुसरं कारण मापं. गहू आर्ताबा या मापाने. त्यात साधारण ३० किलो गहू मावतो असं धरतात, पण कुठल्या कोठाराचं माप यावर ते बदलतं. वाइनच्या रांजणांचे आकार तर गावागणिक वेगळे. सोन्याचं नाणं सोलिडस, एका रोमन पौंड सोन्यात ७२ आणि एका सोलिडसचे २४ केरातिया, हे कागदावर सरळ. प्रत्यक्षात पावत्यांत ‘इतके सोलिडस, वजा इतके केरातिया’ असं येतं आणि ती वजावट जागेनुसार, काळानुसार वेगळी. तुमच्या दृष्टीने बघितलं तर एककच ठरलेलं नाही, बेरीज कशाची करायची?

तिसरं कारण तर तुम्ही स्वतःच ओळखाल. या चिठ्ठ्या बहुतेक मालाच्या वाटपाच्या आहेत. कोठारातून वाइन गेली, ती विकली, मजुरी म्हणून दिली, आजाऱ्याला दिली की पाहुण्याला पाजली, हे कित्येकदा लिहिलेलंच नाही. वाटप बघून उत्पन्न ठरवता येत नाही.

श्रीमंतीचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण एकच उत्तर दिलं तर ते चुकीचंच ठरेल. एका टोकाला फ्रांगे नावाचा संन्यासी. आठव्या शतकात लक्सरजवळ, अमेनेमोपे नावाच्या फॅरोकालीन वजिराच्या थडग्यात हा राहायचा. विणकाम करायचा, ग्रंथ बांधायचा, आणि सतत चिठ्ठ्या लिहायचा. त्याच्या परिसरातली जवळपास ८०० खापरं आणि कपच्या प्रकाशित आहेत. अमुक पाठव, तमुक अजून आलं नाही, माझ्यासाठी प्रार्थना कर. माणूस चिवट आणि थोडा कटकट्या होता, असं माझं मत झालंय. श्रीमंत मात्र नक्कीच नाही. दुसऱ्या टोकाला अलेक्झांड्रियाजवळ कनोपस इथला मेतानोइया मठ. सहाव्या शतकात त्याच्या नावा सरकारी कराचं धान्य वाहून न्यायच्या. हा तर जवळजवळ सरकारी ठेकेदार. मधे अफ्रोदितो गावासारखी ठिकाणं, जिथे मठ हे गावातले जमीनमालक आणि करदाते होते. त्या गावचा वकील आणि कवी डायोस्कोरस याचं दप्तर १९०५ मध्ये सापडलं. त्याचे वडील अपोलोस गावचे पुढारी. पुढे ते संन्यासी झाले, मठ स्थापला, आणि त्याचा कारभार बघायला मुलगा. घराण्याची जमीन आणि मठाची जमीन यांच्यातली रेघ त्या कागदांत शोधून दाखवा!

आणि मठाकडे पैसा असतो हे गावाला माहीत असतं. ३३० च्या दशकात अपा पाइएऊस या मठप्रमुखाला आलेली पत्रं आहेत. पामोन्थियस नावाचा वाइनचा व्यापारी करांच्या मागण्यांपायी कर्जात बुडाला. सावकारांनी त्याचं होतं नव्हतं ते, अंगावरचे कपडेसुद्धा, विकले आणि शेवटी त्याची पोरं गुलाम म्हणून नेली. पत्र लिहिणारा विनवतो की काहीतरी गोळा करून द्या. मदत पोचली की नाही ते कळत नाही. हे पत्र ज्याने एकदा वाचलं, तो पुन्हा मठाच्या कोठारातल्या वाइनच्या मापांकडे निव्वळ आकडे म्हणून बघणार नाही.

मठाकडे येणारा ओघ कसा आला हेही बघावं लागतं. बावितला ‘अपार्खे’ नावाची देणी गावोगावातून गोळा करायची, आणि कुठलं गाव कुठल्या बंधूने बघायचं ते करारांनी बांधलेलं. अरबांनी इजिप्त जिंकल्यावर आठव्या शतकाच्या सुरुवातीपासून संन्याशांवरही डोईपट्टी बसली, आणि त्याच मठात ‘डोईपट्टीचे बंधू’ म्हणून ती गोळा करणारे वेगळे लोक दिसू लागतात. फोइबाम्मोनच्या मठात तर, सुमारे ७३० ते ७८० च्या दरम्यान, आईवडील आपली मुलंच दान देतात. मूल आजारी पडलं, नवस बोलला, मूल वाचलं. करारात कामं लिहिलेली: झाडलोट, पाणी भरणं, वेदीपुढचा दिवा. मोठेपणी मुलगा बाहेर राहिला तर त्याने कमाईतून मठाला द्यायचं. नवस खरा, की करापायी मूल द्यावं लागलं त्याला दिलेलं नवसाचं रूप, यावर वाद आहे. मला दोन्ही एकत्र असणं सहज शक्य वाटतं.

तुम्ही नाशिकच्या पांडवलेण्यांचा उल्लेख केलात, म्हणून थोडं त्याबद्दल. दहाव्या लेण्यातल्या उषवदात या दात्याच्या लेखात ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव आहे: २००० एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. गुणून बघा, वर्षाचं व्याज २४० आणि खर्चही २४०, पै चुकत नाही. ही आकडेमोड इतकी नेटकी आहे कारण ती दात्याची योजना आहे आणि दगडावर दात्याने कोरून घेतली. त्याच लेखात म्हटलंय की हे निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. ते फलक गेले. श्रेणीने व्याज वेळेवर दिलं का, एखाद्या वर्षी विसाऐवजी पंचवीस भिक्षू आले तर काय केलं, हे त्या फलकांवर किंवा त्यांच्यासारख्या कशावर असणार. इजिप्तमध्ये नेमका तो भाग उरला आणि योजना बऱ्याचदा हरवली. म्हणून नाशिकचा लेख वाचल्यावर बावितच्या चिठ्ठ्या गबाळ्या वाटतात.

आता तुम्हाला खरंच कामाला लागायचं असेल तर एक मठ निवडा, सगळ्यांचं एकत्र करू नका. बरेचसे ग्रीक आणि काही कॉप्टिक दस्तऐवज पपायरी डॉट इन्फो या संकेतस्थळावर मोफत आहेत. तारखेने लावायच्या फंदात पडू नका, आधी वस्तूने लावा: वाइन वेगळी, गहू वेगळा, दोर वेगळे. मग प्रत्येक तुकड्यासाठी तीन नावं लिहा: देणारा, घेणारा, आणि ज्याच्याकडे चिठ्ठी राहिली असेल तो. तिसरं नाव कित्येकदा कागदावर नसतं, ते तुम्हाला ठरवावं लागतं, आणि लेखापरीक्षकाला ते आमच्यापेक्षा लवकर जमेल.

मुद्रित मजकुरातल्या खुणाही शिकून घ्या. चौकोनी कंसातला मजकूर कागदावर नाही, तो संपादकाने भरलेला असतो. अक्षराखाली ठिपका असेल तर ते अक्षर नीट वाचता आलेलं नाही. भाषांतरात हे ठिपके गळतात आणि आकडा ठणठणीत दिसतो. मूळ पानावर बघावं तर ‘गहू ४५’ यातल्या ४० खाली ठिपका असतो, म्हणजे खात्रीचे फक्त ५. तेव्हा वाडी सार्गाच्या वाइनच्या पावत्यांपासून सुरुवात करा, त्या छोट्या आहेत आणि साचा लगेच हाताला लागतो. कुठे अडलात तर पावतीचा क्रमांक आणि तिच्यावरचा महिना कळवा, बघून सांगते.